वर्गातील मुलांचे आजार: शिक्षकांनी काय पाहावे आणि काय करावे

श्रुतलेखनाच्या वहीत एका मुलाचे शब्द गळत असत. वाक्याची सुरुवात नीट, अक्षर वळणदार, मग मधले तीन-चार शब्दच नाहीत आणि पुढचे वाक्य पुन्हा व्यवस्थित. ‘लक्ष कुठे असते तुझे?’ असे मी त्याला त्या वर्षी निदान दहा वेळा विचारले असेल आणि दर वेळी तो खाली मान घालून उभा राहिला असेल. एके दिवशी मजकूर सांगता सांगता मी योगायोगाने त्याच्याच बाकाशेजारी थांबले होते, म्हणून ते दिसले. पेन्सिल कागदावर थबकली, नजर समोर स्थिर झाली, पापण्या दोन-तीनदा फडफडल्या आणि सुमारे दहा सेकंदांनी पेन्सिल पुन्हा चालू लागली. मध्ये काही घडल्याचे त्याच्या गावीही नव्हते. तपासणीनंतर डॉक्टरांनी सांगितले की हा अपस्माराचा एक प्रकार आहे. त्यात मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही. काही सेकंद हरवते, आणि असे दिवसातून अनेकदा होऊ शकते. औषध सुरू झाले आणि हळूहळू वहीतले शब्द भरले.

डॉक्टर मुलाला फार तर पंधरा मिनिटे पाहतात. आपण त्याला रोज कित्येक तास, त्याच्याच वयाच्या मुलांच्या शेजारी बसलेले पाहतो, आणि ते नेहमी कसे असते हे आपल्याला ठाऊक असते. हेच आपले साधन आहे. आजाराचे नाव ठरवणे आपले काम नाही, किंबहुना तो मोह कटाक्षाने टाळावा. बदल टिपणे, तो लिहून ठेवणे, योग्य माणसापर्यंत पोहोचवणे आणि जिवावर बेतले असेल तेव्हा मदत येईपर्यंतची मिनिटे सांभाळणे, एवढे मात्र आपल्याला नीट जमले पाहिजे.

पहिली पायरी: वर्ष सुरू होतानाच माहिती हाताशी ठेवणे

प्रवेशाच्या वेळी भरलेल्या अर्जावर विसंबू नये; तो बहुधा कपाटात असतो आणि जुना झालेला असतो. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात पालकांकडून मुलाचे दीर्घकाळचे आजार, चालू औषधे, ॲलर्जी, पूर्वी कधी फिट आली होती का, चष्मा किंवा श्रवणयंत्र आहे का आणि तातडीने लागतील असे दोन वेगवेगळ्या व्यक्तींचे फोन क्रमांक लिहून घ्यावेत.

दमा, अपस्मार, मधुमेह, तीव्र ॲलर्जी किंवा हृदयविकार असलेल्या प्रत्येक मुलासाठी एका पानाचे कृतिपत्रक असावे. त्रास कशाने सुरू होतो, सुरुवातीची लक्षणे कोणती, काय कोणत्या क्रमाने करायचे, औषध कोठे आहे, ते कोणी द्यायचे आणि रुग्णवाहिका केव्हा बोलवायची, हे त्यावर साध्या शब्दांत लिहिलेले असावे, आणि खाली डॉक्टरांची व पालकांची सही असावी. एका पानाचा आग्रह अशासाठी, की घाबरलेल्या माणसाला दुसरे पान उलटण्याचे भान राहत नाही.

दम्याचा पंप आणि ॲलर्जीसाठीचे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन कुलपात ठेवू नये. जिची किल्ली एकाच कर्मचाऱ्याकडे असते आणि तो कर्मचारी नेमका रजेवर असतो, अशा पेटीतले औषध असून नसल्यासारखे आहे. मैदानावर किंवा सहलीला जाताना औषध मुलाबरोबर गेलेच पाहिजे. त्यावरील मुदतीची तारीख प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला पाहावी. ही माहिती मात्र चारचौघांत चर्चेचा विषय होऊ नये. वर्गशिक्षक, खेळाचे शिक्षक, त्या वर्गावर येणारे बदली शिक्षक आणि मुख्याध्यापक यांना ती ठाऊक असणे पुरेसे आहे.

दुसरी पायरी: बदल ओळखणे

बहुतेक आजार वर्गात आजाराच्या रूपात येत नाहीत. ते आळस, खोड्या, विसरभोळेपणा, उद्धटपणा किंवा अभ्यासातली घसरण असे वेश घेऊन येतात. त्यामुळे एखाद्या मुलाबद्दल तक्रार करण्याची इच्छा झाली की त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: हे मूल आधीपासून असेच होते, की अलीकडे असे झाले आहे?

दृष्टी आणि श्रवण यांपासून सुरुवात करावी, कारण यांतले दोष सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटतात आणि त्यांवर उपाय बहुधा सोपा असतो. जन्मापासून अंधुक दिसणाऱ्या मुलाला सर्वांनाच असे दिसते असे वाटत असते, म्हणून ते तक्रार करत नाही. ते डोळे बारीक करते, मान तिरकी धरते, पुस्तक नाकाजवळ नेते, चेंडू झेलताना चुकते. वहीवरूनही अंदाज येतो. तोंडी सांगितलेले बरोबर लिहिणारे मूल फळ्यावरून उतरवताना आकडे चुकवत असेल किंवा शेजाऱ्याच्या वहीतून पाहून लिहीत असेल, तर ती लबाडी समजण्याआधी डोळे तपासायला सांगावे. ऐकू कमी येणारे मूल सूचना मिळाल्यावर आधी इतर मुलांकडे पाहते आणि मग त्यांच्यासारखे करते. पाठमोऱ्या शिक्षकाचे बोलणे त्याला कळत नाही, समोरासमोर बोललेले कळते. लहान मुलांत सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचते आणि ऐकणे काही आठवडे कमी-जास्त होत राहते. ‘याला हवे तेव्हा ऐकू येते’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! ते ओठांवर आले की कानांची तपासणी सुचवावी, असा नियमच मी स्वतःला घालून घेतला आहे.

सारखे पाणी पिणे, सारखी लघवीची परवानगी मागणे, थकवा आणि काही आठवड्यांत उतरलेले वजन ही चार लक्षणे एकत्र दिसली तर ती मधुमेहाची असू शकतात. लहान वयातला मधुमेह झपाट्याने वाढतो. त्यातच उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास किंवा ग्लानी दिसली तर मुलाला त्याच दिवशी, तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. अशा वेळी ‘तास संपल्यावर जा’ हे उत्तर महागात पडू शकते.

दिवसभर मलूल असणारे, जिना चढताना धापा टाकणारे, ओठ आणि पापण्यांची आतली बाजू फिकट असलेले, खडू किंवा माती खाणारे मूल ॲनिमियाने त्रस्त असू शकते. वयात आलेल्या मुलींत याची शक्यता अधिक असते. दर महिन्याला ठरावीक दिवशी गैरहजर राहणाऱ्या मुलीला पाळीचा असह्य त्रास होत असेल किंवा अतिरक्तस्राव होत असेल; शिक्षिकेने तिला एकांतात आणि आडपडदा न ठेवता विचारले तर ती बोलते. सकाळीच पेंगणाऱ्या मुलाबाबत झोपेची चौकशी करावी. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. झोपेत जोरात घोरणारे आणि तोंडाने श्वास घेणारे मूल पुरेसे तास झोपूनही थकलेले राहू शकते, आणि लहान मुलांत हा थकवा पुष्कळदा चुळबुळ आणि चिडचिड यांच्या रूपात बाहेर पडतो.

तिसरी पायरी: लिहून ठेवणे

यासाठी एक साधी वही पुरते. तारीख, वेळ, काय दिसले, किती वेळ टिकले, आधी काय चालले होते आणि नंतर काय झाले, एवढेच लिहावे. ‘मुलगी सुस्त असते’ ही नोंद डॉक्टरांच्या उपयोगाची नाही, कारण तो आपला अभिप्राय आहे. ‘मंगळवारी मधल्या सुट्टीआधीच्या तासाला हात थरथरत होते, घाम आला होता, दोन वेळा हाक मारल्यावर उत्तर दिले, डबा खाल्ल्यावर पंधरा मिनिटांत नेहमीसारखी झाली’ ही नोंद लाखमोलाची आहे. आठ-दहा दिवसांच्या अशा नोंदी एकाखाली एक वाचल्या की आधी न दिसलेला क्रम दिसू लागतो: त्रास ठरावीक वेळी होतो, ठरावीक तासाला होतो, की खेळल्यानंतर होतो. वहीत रोगाचे नाव लिहू नये आणि ही वही इतरांच्या हाती पडेल अशी ठेवू नये. जिवाला धोका असेल तर अर्थातच नोंदींची वाट पाहत बसायचे नसते.

चौथी पायरी: मुलाशी आणि पालकांशी बोलणे

आधी मुलाशी बोलावे, एकट्याने, आणि जाब विचारल्यासारखे नव्हे. ‘तुला काय झाले आहे?’ यापेक्षा ‘काल आणि आज तू डोके धरून बसला होतास, ते कसे वाटत होते?’ असे विचारले की मूल सांगू लागते. कोणालाही न सांगण्याचे वचन मात्र देऊ नये. ‘तुझ्या मदतीसाठी ज्यांना सांगणे गरजेचे आहे तेवढ्यांनाच सांगेन’ हे खरे आहे आणि पाळता येण्यासारखे आहे.

पालकांशी बोलताना आधी मुलाचे काही चांगले सांगावे, मग वहीतल्या नोंदी जशाच्या तशा वाचून दाखवाव्यात आणि घरी असे काही दिसते का हे विचारावे. ‘तुमच्या मुलाला फिट येतात असे मला वाटते’ असे म्हटले की समोरचा माणूस एकतर घाबरतो किंवा चिडतो. ‘गेल्या आठवड्यात सहा वेळा तो दहा सेकंद स्तब्ध झाला, ही नोंद घेऊन डॉक्टरांना एकदा भेटा’ यात नाकारण्यासारखे काही राहत नाही. भेटीची तारीख ठरवून घ्यावी आणि त्या तारखेनंतर आपण होऊन विचारावे. माझ्या अनुभवात प्रयत्न वाया जातात ते बहुधा येथेच. सांगून झाले म्हणजे काम झाले असे आपण धरून चालतो.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवावा. धावता-पडताना नडगी, गुडघा, कोपर, कपाळ येथे खरचटणे किंवा काळेनिळे होणे स्वाभाविक आहे. कान, मान, पाठ, नितंब, दंडाची आतली बाजू येथील वळ, एखाद्या वस्तूच्या आकाराचे व्रण, भाजल्याच्या गोल खुणा किंवा दर वेळी बदलणारे स्पष्टीकरण यांवरून मारहाणीची शंका येत असेल, तर आधी घरी फोन करू नये. मुलाला सूचक प्रश्न न विचारता ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि त्याच दिवशी मुख्याध्यापक व बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या यंत्रणेला कळवावे.

पाचवी पायरी: तातडीचे प्रसंग

प्रत्येक प्रसंगी पहिला नियम सारखाच आहे: मुलाला एकटे सोडू नये आणि आजारी मुलाला एकट्याने कार्यालयात पाठवू नये. एका विद्यार्थ्याला मदतीसाठी धाडावे, दुसऱ्याला घड्याळ पाहायला सांगावे आणि स्वतः मुलाजवळ थांबावे.

दम्याचा झटका आला की मुलाला सरळ बसवावे. आडवे करू नये. निळ्या रंगाचा तातडीचा पंप शक्यतो स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून द्यावा: एक फवारा, त्यानंतर स्पेसरमधून चार श्वास, असे चार फवारे एकामागून एक द्यावेत. चार मिनिटे थांबावे आणि फरक नसेल तर पुन्हा चार द्यावेत. मुलाच्या पत्रकात वेगळे प्रमाण दिले असेल तर ते पाळावे. मुलाला एक वाक्य पुरे बोलता येत नाही, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, ओठ निळसर होतात किंवा मूल गळून जाते, तेव्हा लगेच रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत फवारे चालू ठेवावेत. घरघर अचानक थांबली पण मूल दमलेलेच दिसते, तर ते सुधारणेचे चिन्ह समजू नये. आत हवा जाणेच कमी झालेले असू शकते.

फिट आली की प्रथम घड्याळ पाहावे, कारण पुढचे निर्णय वेळेवर अवलंबून असतात. आजूबाजूचे बाक सरकवावेत, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, चष्मा काढावा, गळ्याशी घट्ट असलेले बटण सोडावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नये. जीभ गिळली जात नाही, उलट दात तुटतात आणि श्वास कोंडतो. झटके थांबले की मुलाला कुशीवर वळवावे आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसावे. झटका ५ मिनिटांपेक्षा जास्त चालला, लागोपाठ दुसरा आला, श्वास नीट होत नाही, मार लागला आहे किंवा आयुष्यातली ही पहिलीच फिट आहे, तर रुग्णवाहिका बोलवावी.

मधुमेह असलेल्या मुलाची रक्तातील साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की थरथर, घाम, भूक, फिकटपणा, चिडचिड, असंबद्ध बोलणे अशी लक्षणे दिसतात. एरवी शांत असणारे मूल अचानक भांडखोर झाले तर शिक्षा करण्याऐवजी साखर तपासावी, आणि तपासण्याचे यंत्र जवळ नसेल तर साखर कमी झाली आहे असे धरूनच चालावे. पटकन रक्तात मिसळणारी सुमारे १५ ग्रॅम साखर द्यावी: ग्लुकोजच्या गोळ्या, फळांचा रस किंवा तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज असेल तर पुन्हा द्यावी. मूल बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडावाटे काहीही देऊ नये. त्याला कुशीवर ठेवून लगेच मदत मागवावी.

तीव्र ॲलर्जीत अंगावर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, श्वासाला त्रास, उलट्या, चक्कर ही लक्षणे काही मिनिटांत वाढत जातात. गांधी अजिबात न उठताही असा झटका येऊ शकतो. ॲड्रेनलिनचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यभागी, गरज पडल्यास कपड्यावरूनच द्यावे आणि ते देण्यात उशीर करू नये. ॲलर्जीची गोळी याची जागा घेऊ शकत नाही. मुलाला आडवे करून पाय वर ठेवावेत. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर बसू द्यावे, पण उठून चालू देऊ नये. पाच मिनिटांत फरक नसेल तर दुसरे इंजेक्शन द्यावे. बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावेच लागते, कारण काही तासांनी लक्षणे परत उद्भवू शकतात.

डोक्याला मार लागलेले मूल ‘काही झाले नाही’ म्हणून पुन्हा खेळायला धावते. त्या दिवशी त्याला खेळू देऊ नये आणि पालकांना लेखी कळवावे, कारण लक्षणे कित्येक तासांनीही दिसू शकतात. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, तोल जाणे किंवा दोन्ही बाहुल्यांचा आकार वेगळा दिसणे यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालय गाठावे.

धावताना अचानक कोसळलेल्या मुलाच्या हातापायांना काही क्षण झटके येऊ शकतात आणि ती फिट वाटते. म्हणून प्रतिसाद आणि श्वास तपासावा. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, छातीच्या जाडीच्या सुमारे एकतृतीयांश खोलीपर्यंत दाब देण्यास सुरुवात करावी आणि हृदयाला झटका देणारे यंत्र जवळ असेल तर मागवावे. हे वाचून येत नाही. प्रत्येक शिक्षकाने पुतळ्यावर प्रत्यक्ष सराव करून प्रशिक्षण घ्यावे, असे मी अगदी आग्रहाने सांगते.

घोळणा फुटला तर डोके मागे न टाकता पुढे झुकवावे आणि नाकाचा मऊ भाग १० मिनिटे सलग दाबून धरावा. ताप किंवा दुखणे आहे म्हणून स्वतःच्या पर्समधली गोळी देऊ नये. लहान मुलांना ॲस्पिरिन तर मुळीच देऊ नये, कारण त्यातून यकृत आणि मेंदू यांना गंभीर इजा होण्याचा धोका असतो. तापाबरोबर मान ताठ झाली, उजेड सहन होईना किंवा पारदर्शक पेला दाबला तरी न मावळणारे पुरळ दिसले तर वेळ दवडू नये.

मनाचे आजार

येथे घाई आणि दिरंगाई दोन्ही नडतात. मुलांतले नैराश्य नेहमी रडण्यातून दिसत नाही. चिडचिड, मित्रांपासून तुटणे, आवडत्या खेळाकडे पाठ फिरवणे, झोप आणि भूक बदलणे, वहीत अर्धवट सोडलेली पाने यांतून ते दिसते. असा बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर समुपदेशक किंवा डॉक्टरांकडे पाठवावे. रोज सकाळी पोट दुखणारे आणि सुट्टीच्या दिवशी ठणठणीत असणारे मूल ढोंग करत नसते. त्याचे पोट खरेच दुखत असते आणि त्यामागची भीती शोधावी लागते. कोणी त्रास देत आहे का, वाचता न येण्याची लाज आहे का, स्वच्छतागृहात जायला भीती वाटते का, असे नेमके प्रश्न विचारावेत.

उकाड्यातही पूर्ण बाह्या न काढणारे मूल, आवडत्या वस्तू वाटून टाकणारे मूल, ‘मी नसते तर बरे झाले असते’ असे सहज बोलून जाणारी मुलगी यांच्याबाबत उद्यावर ढकलू नये. ‘जीव द्यावा असे तुझ्या मनात येते का?’ हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारल्याचा मुलांना आधार वाटतो. उत्तर होकारार्थी असेल तर शांतपणे ऐकावे, उपदेश करू नये, एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी पालक व मानसोपचारतज्ज्ञ यांच्यापर्यंत ते पोहोचवावे.

मूल वर्गात परत येते तेव्हा

उलट्या-जुलाब थांबल्यावर ४८ तास, कांजिण्यांच्या सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत आणि गोवराचे पुरळ उठल्यानंतर चार दिवस मुलाला घरीच ठेवायला सांगावे. उवा झाल्या म्हणून मात्र कोणाला घरी पाठवण्याची गरज नसते.

दीर्घ आजारानंतर आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी राहिलेला सगळा अभ्यास देऊ नये. काय बुडाले यापैकी अत्यावश्यक काय आहे ते विषयवार निवडावे आणि बाकीचे सोडून द्यावे. वर्गात फिट आलेल्या मुलाबद्दल इतर मुलांशी बोलण्याआधी त्याला आणि त्याच्या पालकांना विचारावे, आणि त्यांची हरकत नसेल तर हा आजार संसर्गाने होत नाही व पुन्हा असे झाले तर आपण काय करायचे, एवढे थोडक्यात समजावावे. फिट येताना कपडे ओले होऊ शकतात. त्या मुलाला सगळ्यात जास्त लाज वाटते ती याची, म्हणून त्याच्या मापाच्या कपड्यांचा एक जोड कपाटात ठेवावा आणि अंगावर टाकायला चादरही ठेवावी. औषध किंवा त्याची मात्रा बदलली असेल तर त्याच दिवशी कृतिपत्रक बदलून घ्यावे, जुने फाडून टाकावे आणि मैदानावर नेण्याच्या पिशवीत ठेवलेली त्याची प्रतही आठवणीने बदलावी.